रफू

कीथलीत उतरले तेव्हा साडेआठ वाजलेले, नोव्हेंबर,
उजेडाचं अजून ठरत नव्हतं.
चढणीवर खांद्याला खांदा लावून
गिरणीच्या धुराने काळवंडलेली दगडी घरं.
सत्तावीस नंबरचं दार विनिफ्रेड सग्डेननं उघडलं,
अंगात दोन स्वेटर, वर कोट.
घरात.
"चहा घे आधी. तुझं यंत्र कुठं पळून जात नाही."

दाराच्या चौकटीत मी लाल कापड ताणून बसवते,
कापडात पंखा. तो आतली हवा बाहेर ओढतो
आणि बाहेरचा वारा वाट शोधत आत शिरतो.
भिंतींना कान असतात म्हणतात.
माझा धंदा त्यांची नाकं शोधण्याचा.

पन्नास पास्कल.
जिन्याखालचं दार आपोआप करकरलं,
बंद धुराड्यातून जुनी काजळी भुरभुरली,
टपालाच्या फटीची झडप जिभेसारखी वळवळली.
पंख्यापुढे हे घर तासाला चौदा वेळा रितं होतं.
वारा सुटला की पंखा नसतानाही होतंच, थोडं हळू.
मग ती पुन्हा तापवते.
म्हणजे तापवत नाही. मीटर बघते
आणि कोट घालते.

धुराची पेन्सिल घेऊन मी फिरले,
सॉकेट, फळ्यांच्या फटी, खिडकीची चौकट,
वहीत खुणा.
ती मागे उभी होती, घडी घातलेल्या कापडासारखी.
मग म्हणाली, बाजूला हो.
नळाखाली हात ओला केला,
पालथा धरला भिंतीलगत,
डोळे मिटून
इंच इंच.
"बत्तीस वर्षं रफू केलंय गिरणीत.
मागावरून उतरलेला ताका थेट माझ्या टेबलावर.
तुटलेला धागा डोळ्याला दिसत नाही, पोरी,
बोटाला दिसतो."
मीटरच्या कपाटामागे हात थांबला.
"इथं."
मी पेन्सिल तिथे नेली.
धूर आडवा झाला.

दुसऱ्या चहाला मी तिला सगळं सांगितलं.
भिंतीला आतून बंडी घालायची, लाकडाच्या तंतूंची,
साठ मिलिमीटर, वर चुन्याचा गिलावा,
ओल घेणारा, ओल सोडणारा.
जपायची ती वाशांची टोकं, दगडात खुपसलेली.
घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, अशी आमच्यात म्हण आहे.
इथले फिरत नाहीत,
गार पडले की मुकाट भिजतात,
आणि कुजल्यावरच कळतं.
शेवटी न्हाणीघरात एक लहान पंखा,
जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देणारा.

"म्हणजे सगळी भोकं बुजवायची
आणि मग एक नवं पाडायचं?"
हो, म्हटलं, पण ते आपल्या मर्जीचं.
ती इतकी हसली की बशीत चहा सांडला.
"बर्नर्डला सांगायला हवं होतं हे.
तो सगळंच बुजवून बसायचा."

एप्रिलात परत गेले. लाल कापड, पंखा, आकडा चारवर.
एकच स्वेटर, बाह्या वर सारलेल्या.
पण तिची एक तक्रार होती.
"पश्चिमेचा वारा उठला की पूर्वी कपाट शीळ घालायचं,
मी धावत जाऊन दोरीवरचे कपडे काढायचे.
आता काही ऐकूच येत नाही.
दोनदा धुणं भिजलं. लिही तुझ्या फॉर्मवर."
फॉर्मवर तशी जागा नव्हती.
मी समासात लिहिलं: धुणं, दोनदा.

ब्रॅडफर्डला माझी भाड्याची खोली.
कपाटामागे बुरशीचा काळा नकाशा दर हिवाळ्यात वाढतो.
घरमालक म्हणतो, खिडकी उघडत जा.
दिवसभर लोकांच्या भिंती मोजून आलेली मी
रात्री दाराच्या फटीला टॉवेल लावते आणि झोपते.
त्या रात्री नाही झोपले.
नळ सोडला, हात ओला केला,
दिवा मालवला,
आणि पालथा हात खिडकीखालच्या भिंतीवर
सावकाश सरकवू लागले.